पद तेच, गळा वेगळा

जॅझ संगीतात 'स्टँडर्ड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाण्यांचा एक मोठा साठा आहे. ही गाणी त्या क्षेत्रातील बहुतेक कलावंतांना मुखोद्गत असतात, कोणत्याही मैफलीत ती आयत्या वेळी ठरवून वाजवता येतात, आणि ती कोणी लिहिली यापेक्षा ती कोणी कशी वाजवली याचीच चर्चा अधिक होते. या साठ्याचा फार मोठा भाग जॅझच्या मैफलीत जन्मलेला नाही. तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यगृहांच्या पेठेतील संगीतिकांसाठी लिहिला गेला आणि नाटके विस्मरणात गेल्यावर गाणी तेवढी मागे उरली. जेरोम कर्न यांची 'व्हेरी वॉर्म फॉर मे' ही 1939 सालची संगीतिका अवघ्या 59 प्रयोगांत बंद पडली, पण तिच्यातील 'ऑल द थिंग्ज यू आर' हे गाणे आजही जगभरचे वादक वाजवतात. 'द साउंड ऑफ म्यूझिक' ही संगीतिका 1959 च्या अखेरीस रंगमंचावर आली आणि पुढच्याच वर्षी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी तिच्यातील 'माय फेव्हरिट थिंग्ज' हे मुलांना रमवणारे साधे गाणे उचलून, त्याचा अर्ध्या घटकेहून थोडा अधिक चालणारा एक धीरगंभीर विस्तार केला.

नाटकातून निघालेले, नाटक संपल्यावरही टिकलेले आणि पिढ्यानपिढ्या निरनिराळ्या गळ्यांतून फिरणारे गाणे ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही, कारण मराठी नाट्यपदाची कहाणी नेमकी हीच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' 1880 साली रंगमंचावर आले तेव्हापासून पुढची साठएक वर्षे संगीत नाटकांनी महाराष्ट्राला जी पदे दिली, त्यांतील निवडक पदे आज मैफलींत, स्पर्धांत, गणेशोत्सवात आणि ध्वनिमुद्रिकांवर गायली जातात. आणि ती ऐकणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांनी ते मूळ नाटक पाहिलेले तर नसतेच, पुष्कळदा त्याचे कथानकही त्यांना ठाऊक नसते. म्हणूनच एका पदाच्या अनेक आवृत्त्यांची तुलना करायची तर तिच्यासाठी नाट्यपदाइतके सोयीचे साहित्य मराठीत दुसरे नाही.

या कहाणीतील दोन प्रमुख गळ्यांचा संबंध खानदेशाशी येतो, हे सहसा सांगितले जात नाही. 1906 साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि आजचे जळगाव व धुळे हे स्थूलमानाने त्यांचेच वारस होत. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढे बालगंधर्व म्हणून गाजलेले नट (1888–1967), यांना गाण्याचे पहिले धडे जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे मिळाले. या नात्याची आठवण जळगावकरांनी बालगंधर्वांच्या नावाच्या खुल्या नाट्यगृहात आणि बालगंधर्व संगीत महोत्सवात जपली आहे. दुसरीकडे, धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी असलेले थाळनेर हे मास्टर दीनानाथ मंगेशकर (1900–1942) यांचे सासर होते. तेथील लाड या गुजराती घराण्यातील नर्मदा आणि तिच्या निधनानंतर तिचीच बहीण शेवंती यांच्याशी त्यांचे विवाह झाले, म्हणजेच लता मंगेशकर आणि आशा भोसले यांचे ते आजोळ. बालगंधर्व आणि दीनानाथ हे नाट्यसंगीताचे दोन ध्रुव मानले जातात, आणि दोघांच्या पदांचे पुढे जे झाले ते इतके वेगळे आहे, की आवृत्त्यांची पारख कशी करावी याचे उत्तर त्या फरकातच सापडते.

तुलनेला हात घालण्यापूर्वी पदात बांधलेले काय असते आणि मोकळे काय असते हे पाहिले पाहिजे. जॅझ वादकाच्या दृष्टीने गाणे म्हणजे बहुधा 32 मात्रा-खंडांचे एक आवर्तन असते आणि त्या आवर्तनात कोणत्या क्रमाने कोणते कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वरांचे समूह, यावेत हे ठरलेले असते. चाल सोडून दिली तरी चालते, पण कॉर्डांचा क्रम सहसा सोडत नाहीत. कोलमन हॉकिन्स यांनी ऑक्टोबर 1939 मध्ये 'बॉडी अँड सोल' या गाण्याचे जे ध्वनिमुद्रण केले त्यात मूळ चाल सुरुवातीलाच काय ती ओझरती भेटते, बाकी सारी त्यांची उपज, म्हणजे वाजवता वाजवता सुचलेली भर आहे. आणि तरीही जाणकाराला गाणे कोणते हे क्षणभरही शोधावे लागत नाही. नाट्यपदात असा कॉर्डांचा क्रम नाही. तेथे बांधलेल्या गोष्टी म्हणजे शब्द, राग, ताल आणि मुखडा, म्हणजे पदाची ती पहिली ओळ जी समेवर येऊन पुन्हा पुन्हा भेटते. आणि मोकळ्या गोष्टी म्हणजे दोन मुखड्यांच्या मधली जागा, शब्दांची फोड, ताना आणि पदाची एकूण लांबी. या अर्थाने मराठी गायकाला जॅझ वादकापेक्षा एक बंधन जास्त आहे आणि एक कमी आहे: त्याला शब्द सोडता येत नाहीत, पण एकेका शब्दावर किती वेळ थांबायचे याला मर्यादा नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती अशी की ज्याला मूळ म्हणायचे ते पदही बहुतेक वेळा कुणाची तरी आवृत्तीच असते. 'मानापमान' (1911) या खाडिलकरांच्या नाटकाला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या तेव्हा त्यांनी पूरब अंगाच्या ठुमऱ्या-दादऱ्यांचा मोकळ्या हाताने वापर केला, आणि 'स्वयंवर' (1916) साठी भास्करबुवा बखले यांनी आपल्याजवळच्या ख्यालांच्या बंदिशी मराठी शब्दांवर बसवल्या. भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची विद्या घेतली होती, त्यामुळे 'स्वयंवर'च्या पदांत घराणेदार गायकीचा जो भरणा आहे तो ऐकणाऱ्याला न सांगता जाणवतो. चाल उसनी आणि शब्द नवे अशीच त्या काळची रीत होती, आणि तिच्याबद्दल कोणाला संकोच वाटत नसे.

'स्वयंवर'मधील रुक्मिणीच्या तोंडचे 'नाथ हा माझा' हे पद उदाहरणादाखल जवळून पाहण्यासारखे आहे. ते यमन रागात आहे. यमनात मध्यम तीव्र असतो, गंधार आणि निषाद हे रागाचे आधारस्तंभ असतात, आणि वर चढताना षड्ज व पंचम अनेकदा चुकवून निषादावरून ऋषभाकडे आणि तेथून गंधाराकडे जाण्याची पद्धत आहे. बालगंधर्व या रचनेत रागाची ओळख करून देण्याच्या भरीस पडत नाहीत. ते शब्दाचे बोट धरून चालतात: एखादे अक्षर गंधारावर ठेवून ते किंचित लांबवायचे, त्याला लहानशी हरकत द्यायची, म्हणजे स्वरांचा एक चटकन येऊन गेलेला वळसा, आणि लयीच्या थोडे मागे रेंगाळत राहून ऐन समेवर अलगद उतरायचे. त्यांची तान कधीही शब्दाचा चुराडा करीत नाही, आणि सारंगीवर कादरबक्ष व तबल्यावर अहमदजान तिरखवाँ असे साथीदार असताना या रेंगाळण्याला जो तोल मिळत असे तो पुढे फार थोड्यांना लाभला. रंगमंचावर 'वन्समोअर' मिळाला की तेच पद पुन्हा म्हटले जाई, पण ते तसेच म्हटले जात नसे. प्रत्येक वेळी मोकळ्या जागा वेगळ्या भरल्या जात. म्हणजे बालगंधर्वांच्या आवृत्त्यांची पहिली तुलना बालगंधर्वांशीच, एकाच रात्रीत आणि एकाच प्रेक्षागृहात होत असे.

यातले फारसे काही तबकडीवर आलेले नाही. 78 गतीच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे, त्यामुळे रंगमंचावर पंधरा-वीस मिनिटे चालणारे पद तेथे मुखडा, अंतरा आणि घाईघाईच्या दोन-चार जागा एवढ्यावर आटोपावे लागे. ज्यांनी प्रयोग पाहिले त्यांना ही तबकडी म्हणजे पदाची जुजबी खूण वाटे, परंतु ज्यांनी प्रयोग पाहिले नाहीत त्या पुढच्या पिढ्यांनी तबकडीलाच मूळ मानले आणि तिच्यातील एकेक हरकत जशीच्या तशी उचलली. योगायोगाने मुद्रित झालेल्या एका आवृत्तीला धर्मग्रंथाचे स्थान मिळाले, आणि बालगंधर्वांच्या गाण्याचे जे सर्वांत मोठे वैशिष्ट्य, म्हणजे दर वेळी वेगळे गाणे, ते त्यांच्या अनुयायांकडून नेमके निसटले.

अनुकरणाची सगळीच उदाहरणे एका मापाने मोजता येत नाहीत, हे खरे. जयमाला शिलेदार यांनी बालगंधर्वांची गायकी आत्मसात करून संगीत रंगभूमी पडत्या काळात जिवंत ठेवली, आणि तेही एक चमत्कारिक कोडे होते: स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाच्या गाण्याचा वारसा येथे एक स्त्री चालवीत होती. 'बालगंधर्व' (2011) या चित्रपटासाठी आनंद भाटे यांनी पार्श्वगायन केले आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तेथे तर हुबेहूबपणा ही भूमिकेचीच मागणी होती, कारण पडद्यावर बालगंधर्वच गात आहेत असे वाटायला हवे होते. पण स्पर्धांच्या आणि शिकवण्यांच्या जगात जे घडले ते याहून निराळे आहे. तेथे तबकडीतील खटके-मुरक्या मोजून घेण्याची आणि जो त्यांत एक कमी करील त्याला उणा ठरवण्याची सवय लागली, व या सवयीने नाट्यपदाचे नुकसान केले, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

या सवयीला सर्वांत नेमके उत्तर कुमार गंधर्व यांनी दिले. साठच्या दशकात, बालगंधर्व हयात असतानाच, त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' या नावाने त्यांच्या पदांचा कार्यक्रम मांडला, आणि पुढे तो ध्वनिमुद्रिकेच्या रूपातही आला. कार्यक्रमाचे नावच त्याची भूमिका सांगून टाकते: यात बालगंधर्व जसे होते तसे नाहीत, ते एका दुसऱ्या गायकाला जसे कळले तसे आहेत. कुमारांचा आवाज, त्यांची छोट्या, झपकन उठून झपकन विझणाऱ्या तानांची पद्धत आणि दोन वाक्यांच्या मधल्या शांततेचा त्यांनी केलेला वापर, यांपैकी काहीच बालगंधर्वांसारखे नाही. बालगंधर्व जेथे स्वर लांबवतात तेथे कुमार तो अर्ध्यावर सोडून देतात आणि उरलेला ऐकणाऱ्याच्या मनात पुरा होऊ देतात. बालगंधर्व जेथे रेंगाळतात तेथे कुमार थेट वरच्या स्वरावर झेपावतात. आणि तरी शब्दाशी इमान, मुखड्याकडे परतण्याची ओढ आणि रागाला मिरवू न देण्याचा संयम, या बालगंधर्वांच्या तीन मूळ गोष्टी कुमारांच्या गाण्यात शाबूत आहेत. त्यामुळे हुबेहूब अनुकरणात जे सापडत नाही ते येथे सापडते. हॉकिन्स यांनी चाल सोडून 'बॉडी अँड सोल' राखले, त्याच जातीचे हे काम आहे.

दीनानाथांच्या पदांची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. त्यांच्या गाण्यातील वेग, एकदम कोसळणाऱ्या ताना, पंजाबी ढंगाच्या मुरक्या आणि तीव्र-कोमल स्वरांना अनपेक्षितपणे शेजारी बसवण्याचे धाडस यांचे अनुकरण करणे जवळजवळ अशक्य होते. नक्कल करायला निघालेला गायक दोन आवर्तनांत उघडा पडे. त्यामुळे दीनानाथांचे पद ज्याला गायचे असेल त्याला ते आपल्या गळ्याच्या मापाने नव्याने बेतूनच घ्यावे लागले. अनुकरण सोपे नसणे हे त्या पदांचे भाग्यच ठरले, असे म्हणायला हरकत नाही.

'रणदुंदुभी' हे वीर वामनराव जोशी यांचे नाटक दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने 1927 साली रंगमंचावर आणले आणि त्याला रामकृष्णबुवा वझे यांनी संगीत दिले. त्यातील 'परवशता पाश दैवे' या पदाचा वरवरचा अर्थ कथानकापुरता असला, तरी परवशता हा शब्द 1927 साली इंग्रजी अमलाखालच्या प्रेक्षागृहात उच्चारला जाताच त्याचा रोख कोणाकडे आहे हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. नाटककार स्वतः स्वातंत्र्य चळवळीतले होते, हेही प्रेक्षकांना माहीत होते. दीनानाथांच्या आवाजातील धार आणि या दुहेरी अर्थाची धार एकमेकींना पूरक होती. तेच पद पुढे आशा भोसले यांनी स्वतंत्र भारतात ध्वनिमुद्रित केले तेव्हा शब्दांतील तो राजकीय दाब ओसरलेला होता, आणि पदाला केवळ संगीताच्या बळावर उभे राहायचे होते. आशाबाईंनी वडिलांच्या तानांचा पाठलाग केला नाही. चित्रपटसंगीतात घडलेल्या गायिकेला ध्वनिक्षेपकासमोर आवाज कसा आत घ्यायचा आणि कसा बाहेर सोडायचा याचे जे ज्ञान असते ते त्यांनी येथे कामाला लावले: उच्चार अधिक रेखीव केले, तानेचे दाणे सुटे केले, आणि रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची जी गरज दीनानाथांना होती ती स्वतःला नाही हे ओळखून आवाजाची फेक कमी केली. याच नाटकातील 'युवती मना' या पदाचीही त्यांची आवृत्ती अशीच आहे. तिच्यात घराण्याची आठवण आहे, पण पोच मात्र त्यांची स्वतःची आहे.

वसंतराव देशपांडे यांनी दीनानाथांकडून घेतले ते आणखी वेगळे. त्यांनी दीनानाथांचे धाडस घेतले, त्यांच्या जागा घेतल्या नाहीत. रागाच्या रूढ वाटेवरून मध्येच पाय बाजूला टाकायचा आणि पुन्हा वाटेवर यायचे, हा त्यांचा खेळ मैफलीत रात्री-रात्री बदलत राही. त्यामुळे त्यांच्या एका ध्वनिमुद्रणावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि बालगंधर्वांच्या 'वन्समोअर'शी त्यांचे नाते येथे जुळते, आवाजाची जात सर्वस्वी भिन्न असूनही.

आवृत्त्यांची तुलना हाच विषय करून एक मराठी नाटकही लिहिले गेले आहे, आणि त्यात वसंतरावच होते. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे 'कट्यार काळजात घुसली' (1967) हे नाटक दोन घराण्यांच्या स्पर्धेवर उभे आहे. त्यासाठी जितेंद्र अभिषेकी यांनी 'घेई छंद मकरंद' या एकाच शब्दरचनेला दोन चाली दिल्या, एक धानी रागातील सरळ आणि प्रसन्न, तर दुसरी सालगवराळी रागातील वळणावळणाची. शब्द तेच ठेवून राग बदलला की पदाचे पात्र कसे बदलते, हे ऐकण्यासाठी याहून चांगला धडा नाही. येथे श्रोत्याला घराणे म्हणजे काय ते व्याख्येवाचून कळते. 2015 साली या नाटकावर चित्रपट निघाला तेव्हा शंकर–एहसान–लॉय यांनी जुन्या पदांना मोठ्या वाद्यवृंदाची जोड दिली, आणि राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची, म्हणजे वसंतरावांची, पदे गायली. त्या चित्रपटाने नाट्यपद नव्या पिढीपर्यंत नेले हे निर्विवाद, पण वाद्यवृंदाच्या भरगच्चपणात मोकळ्या जागा आधीच भरलेल्या असतात आणि गायकाला ठरलेल्या सेकंदाला मुखड्यावर यावे लागते, हा तोटाही नोंदवला पाहिजे. तबकडीने वेळ कापला, वाद्यवृंदाने जागा व्यापली. बंधन बदलले, सुटले नाही.

खानदेशात या सगळ्याला समांतर अशी एक दुसरी परंपरा आहे, तिचा थोडक्यात उल्लेख केल्यावाचून हे प्रकरण पुरे होणार नाही. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांच्या ओव्या जात्यावर आणि शेतात म्हटल्या गेल्या, त्या त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली पुस्तकरूपाने आल्या, आणि 1961 सालच्या 'मानिनी' या चित्रपटात वसंत पवार यांनी त्यांतल्या काहींना चाली दिल्या. आज महाराष्ट्रातील बहुसंख्यांना बहिणाबाईंची ओवी म्हटली की चित्रपटातील चालच आठवते आणि ते तिलाच मूळ समजतात. वास्तविक ओवीला अशी एक चाल नसते; जात्याच्या फेऱ्याची लय आणि म्हणणारीचा श्वास यांवर ती दर घरी वेगळी होते. तबकडीने नाट्यपदाचे जे केले तेच चित्रपटाने ओवीचे केले.

यावरून पारखण्याची एक रीत हाती येते. नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीच्या किती जवळ आहे हा प्रश्न बाजूला ठेवावा, आणि त्याऐवजी गायकाने पदातील बांधलेला भाग कोणता मानला व मोकळा भाग कोणता मानला हे कान देऊन पाहावे. कुमार गंधर्वांनी शब्द आणि मुखडा बांधलेला मानला, बाकी सारे मोकळे. आशा भोसले यांनी चालीची चौकट बांधलेली मानली आणि आवाजाचा पोत मोकळा ठेवला. वसंतरावांनी तर रागाची सीमाही पूर्णपणे बांधलेली मानली नाही. या तिन्ही निवडी समर्थनीय आहेत. ज्या आवृत्तीत गायकाने सगळेच बांधलेले मानले आहे, ती कितीही सुरेल असली तरी दुसऱ्या वेळी ऐकण्याचे कारण उरत नाही.

वाचकाला हे स्वतः पडताळून पाहायचे असेल तर त्याने 'नाथ हा माझा' पासून सुरुवात करावी, आणि क्रम उलटा ठेवावा: आधी आजचा एखादा गायक, मग कुमार गंधर्व आणि शेवटी बालगंधर्वांची जुनी, खरखरणारी तबकडी. मुळापासून सुरुवात केली की पुढचे सगळे ऐकणे चुका काढण्यात जाते. 'परवशता पाश दैवे'च्या बाबतीत मात्र दीनानाथ आधी ऐकावेत आणि आशाबाई नंतर, कारण तेथे चुका काढायला वावच नाही.